बटणाखालची अक्षता

रंजना सासूबाईंना उशीला टेकवून बशीतला चहा पाजत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. पदराला हात पुसत ती उठायच्या आत भागीरथीबाईंनीच आवाज दिला, "कोन शे?" वाऱ्याच्या झटक्यानं अर्धं अंग लुळं पडलं होतं, तरी घरातला पहिला सवाल अजून त्यांचाच असायचा.

"मी भिकन, माय. कंप्युटरवाला."

दारात जाड भिंगांचा चष्मा लावलेला, पस्तिशीतला सडपातळ माणूस उभा होता. खांद्याला पिशवी, पिशवीत रबरानं बांधलेला फ्लॉपींचा गठ्ठा. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या ज्या मिलच्या ऑफिसात रंजना टायपिंग करायची, तिथले कंप्युटर हाच सांभाळायचा. सासूबाई आजारी पडल्या आणि रंजनाला नोकरी सोडावी लागली. निरोप घ्यायला गेली, तर शेठनं तिच्या टेबलावरचा जुना लॅपटॉपच तिच्या पुढे सरकवला. "रंजनाबेन, आ तमे राखो. पण अंदरनुं बधुं साफ करावी नाखजो." आतलं सगळं पुसून घ्यायचं, एवढीच अट. बॅटरी मेलेली, एक कोपरा उडालेला, पण रंजनानं तो गोडादऱ्याच्या घरापर्यंत रिक्षात मांडीवर तान्ह्या बाळासारखा आणला होता.

कारणही तसंच होतं. मराठी शाळेच्या हेडमास्तरांनी कबूल केलं होतं, की तुम्ही घरून टाइप करून देणार असाल तर परीक्षेचे पेपर तुमच्याकडेच. मात्र नमुन्याचं एक पान आज संध्याकाळपर्यंत हवं, नाहीतर काम कतारगामच्या प्रेसला जाणार. सासूबाईंच्या खाटेजवळ बसून करता येईल असं दुसरं काम रंजनाला कुठून मिळणार होतं?

भिकननं लॅपटॉप पाटावर ठेवला, वायर जोडली. पडद्यावर नेहमीसारखं मिलचं नाव आलं.

"ताई, आता यातलं सगळं जाणार. हिशोब, पार्ट्यांची नावं, सगळं. तुमचं स्वतःचं काही आहे का आत?"

इतकी वर्षं या बटणांवर बोटं झिजवली, आणि त्यात स्वतःचं म्हणून एक ओळ नव्हती. "नाही," ती म्हणाली, "आता होईल."

त्यानं फ्लॉपी घातली, काहीबाही टाइप केलं. यंत्रानं विचारलं, सगळं पुसू का? पुसायचं तर वाय दाबा. भिकननं वाय दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. बटण खाली जाईचना.

"काय व्हयनं?" खाटेवरून प्रश्न आला.

"यंत्र हो म्हणत नाही, माय."

"नवी नवरी शे ती. लगेच कशी हो म्हनी?"

भिकन खळखळून हसला. रंजनाला मात्र हसू येईना. तिची नजर घड्याळाकडे गेली, मग त्या बटणांकडे. कडेला कुंकवाची लाल रेघ दिसत होती. ती चरकली. काल संध्याकाळी लॅपटॉप घरात आला, तेव्हा सासूबाईंनी हट्टानं त्याची पूजा केली होती. दसऱ्याला मागांची करतात तशीच, चांगल्या हातानं हळदीकुंकू लावून आणि मूठभर अक्षता टाकून.

भागीरथीबाईंच्याही ते ध्यानात आलं. त्यांचा चेहरा उतरला. "मीच टाक्यात अक्षता. बिघडी गयं का रे?"

"नाही हो, माय. मागावर टाकलेले तांदूळ खाली पडून जातात. याच्यात ते बसून राहतात, एवढंच." तो रंजनाकडे वळला. "ताई, केसातला आकडा द्या."

नाक बटणांना टेकेल इतका तो खाली वाकला. आकड्यानं वायचं टोपण हलकेच उचललं आणि आतून कुंकवानं लाल झालेला एक दाणा अलगद बाहेर काढला. तो त्यानं भागीरथीबाईंच्या तळहातावर ठेवला. "घ्या, तुमची अक्षता."

मग वाय दाबलं. यंत्रानं मुकाट्यानं पुसायला घेतलं.

पुढे एकामागून एक फ्लॉपी घालत बसायचं होतं. चहा झाला, मुरमुरे झाले. भागीरथीबाईंनी दाणा मुठीत धरूनच चौकशी मांडली. "भिकन नाव! तुन्हा आधी कितला गयात?"

"तीन भावंडं, माय. मी तरी जगावा म्हणून मला सुपात घालून भीक मागितली."

"जगना ना पन," त्या समाधानानं म्हणाल्या.

तो जगला, पण शिकला नाही. याच मराठी शाळेत सातवीत दोनदा नापास झाला, मग मागाच्या खात्यावर, म्हणजे कापडाच्या कारखान्यात लागला. तुटलेला धागा शोधताना हा डोकं मागातच घालतो हे मुकादमाच्या लक्षात आलं. त्यानं पोराला धरून चष्मेवाल्याकडे नेलं. "तोवर मला वाटायचं, सगळ्यांना असंच धूसर दिसतं," भिकन म्हणाला. चष्मा आल्यावर खात्यातल्या मोटारी, मग त्यांचे स्विच, मग कंप्युटर, असं एकेक तो उघडून बघत गेला.

दुपार व्हायच्या आत शेवटची फ्लॉपी निघाली. आधी मिलचं नाव यायचं, तिथं आता नुसता निळा पडदा होता. मराठी अक्षरं चढवून भिकननं लॅपटॉप रंजनापुढे सरकवला. तिनं पहिलाच शब्द टाइप केला, भागीरथी, आणि यंत्र सासूबाईंपुढे धरलं. वाचता येत नसूनही त्या बराच वेळ बघत राहिल्या. रंजना मनात मोजू लागली. शेठ, हेडमास्तर, हा भिकन. कुणाकुणाचे आभार मानायचे?

"भाऊ, तुम्ही नसता तर आजचं काम हातचं गेलं असतं. किती द्यायचे सांगा."

"राहू द्या, ताई." त्यानं फ्लॉपींना रबर लावलं, चपला घातल्या आणि उंबऱ्यात थांबला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत म्हणाला, "आमच्या वेळी पेपर हातानं लिहून छापायचे. बारीक, फिकट. मला प्रश्नच दिसायचे नाहीत, आणि विचारायची लाज वाटायची. तेवढं एक करा. पेपराचं अक्षर मोठं ठेवा."