दोष कोणाचा, हे सांगणाऱ्या मालतीबाई

डॉ. मालतीबाईंची आणि माझी खरी ओळख झाली ती सुखाची नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात ती लिहावी का, असं मी त्यांनाच विचारलं. "लिही," बाई म्हणाल्या, "काही गाळू नकोस."

आठव्या महिन्यात माझ्या बाळाची हालचाल थांबली. घिवलीहून मला बोईसरला बाईंच्या प्रसूतिगृहात आणलं, जिथे माझ्या तपासण्या होत. मुलगी झाली, पण तिच्यात जीव नव्हता. सासूबाई दाराशीच म्हणाल्या, "गिराणात भायेर गेली. आमी सांगितलं व्हतं, ऐकलं नाय."

बाईंनी त्यांना आत बोलावून ट्रेमधली, बाळामागून पडलेली वार दाखवली. लहानशी, ठिकठिकाणी पांढरी, कडक.

"आजी, वार नुसतं खाणं पोचवत नाही. ती हार्मोन्स बनवते. एक गर्भाशयाला शांत ठेवतं, दुसरं आईच्या रक्तातली साखर बाळासाठी राखतं. ही वार नीट वाढलीच नाही, म्हणून बाळ उपाशी राहिलं. ग्रहणाचा संबंध नाही."

"मंजी पोरीचा दोस नाय?"

"नाही."

त्या दिवशी सासूबाईंनी मला स्वतःच्या हाताने पेज भरवली.

घरी सोडताना बाई माझ्याजवळ बसल्या. "दोष असलाच तर माझा. मागच्या तपासणीत पोट कमी वाढलेलं वाटलं होतं. लगेच सोनोग्राफी करायला हवी होती. मी पंधरा दिवस थांबले."

मला त्यांचा फार राग आला. वर्षभराने त्यांनी मदतनिसाचं काम देऊ केलं, तेव्हा तो राग घेऊनच मी गेले.

तिथे प्रत्येक बाईचं पोट त्या स्वतः टेपने मोजत. शंका आली की तपासणी त्याच दिवशी. एकदा वीटभट्टीवरची एक बाई आली, पोट फारच लहान. बाईंनी तिला आपल्या गाडीतून पालघरच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. मी सोबत होते. बाळ अगदी हलकं होतं, पण रडलं. परतताना बाईंनी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत राहिल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

मला पुन्हा मूल झालं नाही. माझी मुलगी गेली त्या दिवशी बाई दरवर्षी घिवलीला येतात, सासूबाईंशेजारी बसून चहा घेतात आणि जातात. गुडघे दुखतात, तरी येतात.

बाई, माझा राग त्या रस्त्यावरच संपला होता. तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि यापुढे घिवलीला त्या एकाच दिवशी नको, सहज म्हणूनही या.