पत्र्यावरचे दोन ठोके

माधवला आलेला एक फोन मी त्याला दिला नाही. चूक माझीच. परवा कारखान्यात कुणाच्या तरी हातून पाना निसटून पत्र्यावर आदळला आणि ती दुपार पुन्हा समोर उभी राहिली.

माधव माझा धाकटा मामेभाऊ. साठच्या दशकात मद्रासजवळ अंबत्तूरला आमच्या छोट्या कारखान्यांच्या शेड शेजारी-शेजारी होत्या, मध्ये फक्त पत्रा. दोन फोन परवडत नव्हते, एक्स्टेन्शनचं भाडंही जड वाटलं. मग एकच फोन माझ्या टेबलावर घेतला. त्याचा फोन आला की मी पत्र्यावर दोनदा पाना ठोकायचा, असं ठरलं.

पण फोन बहुतेक त्याचेच येत. तो हात पुसत यायचा, अंगाला कटिंग ऑइलचा वास. "अण्णा, तुम्ही तर माझे क्लार्क झालात की!" म्हणून हसायचा. मी आतून जळायचो. तेव्हा मला त्याची ऐट दिसायची. आता दिसतात ती घाईघाईने पुसलेली बोटं.

त्या दुपारी बंगळूरच्या कारखान्याचा ट्रंककॉल आला. त्या ऑर्डरवरच माधवची सगळी आशा होती. पलीकडे त्याचा लेथ चालू होता, पाना माझ्या हातात होता. "माधवराव नाहीत, शेड बंद आहे," मी सांगितलं.

संध्याकाळी त्याने विचारलं, "अण्णा, बंगळूरचा फोन?"

"नाही आला."

वर्षभरात लेथ विकून त्याने नोकरी धरली.

काल त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "माधव, बंगळूरचा फोन आला होता. तू पलीकडेच होतास आणि मी पाना ठोकला नाही. मला क्षमा कर."