बी.एस्सी.ची साखरबंदी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी., रसायनशास्त्र, सेकंड क्लास. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो, आणि का सांगू नये? वडील गिरणीत, आई चार घरी चपात्या लाटणारी. घाटकोपरला टेकडीवरच्या आमच्या चाळीत रेशनकार्डाचा फॉर्म असो की डॉक्टरची चिठ्ठी, कागद माझ्याच हातात यायचा. मीही प्रत्येकाला उत्तर द्यायचो. येत असलं तरी आणि नसलं तरी. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य काही आम्हाला अभ्यासक्रमात नव्हतं.

गिरणीचा संप फिसकटला त्याच्या पुढच्या वर्षी आईच्या गालाच्या आत गाठ धरली. मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचं, पण अंगात काही नाही हिच्या. महिनाभर चांगलं खायला घाला, वजन वाढवून आणा, मग तारीख देतो.

त्या रविवारी कांदिवलीहून मामा आले. मामा आईचे थोरले भाऊ. त्यांचं म्हणणं खोडायची घरात पद्धत नव्हती. त्यांनी खिशातून एक कात्रण काढलं. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद होता, तेलाचे डाग तसेच. कुठल्या साप्ताहिकाचा, ते फाटून गेलेलं. उरलेलं एवढंच: कॅन्सरची गाठ साखरेवर जगते, साखर तोडा म्हणजे गाठ उपाशी मरते.

“खरां काय रे ह्यां?” मामांनी मला विचारलं. “तू शिकलेलो ना? मगे सांग.”

खोलीत दहा-बारा माणसं, दारात आणखी चार. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. पेशी ग्लुकोज वापरतात एवढं मला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यावर मी घसा साफ केला आणि म्हणालो, “शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.”

झालं. साखरेचा डबा त्याच दिवशी शेजारच्या काकूंकडे गेला. त्यांनी तो मोठ्या दुःखानं घेतला आणि पुढचा महिनाभर तितक्याच दुःखानं वापरला.

“साखर नको तर गूळ द्या,” काकू म्हणाल्या. “गूळ गावचा असतो, त्यानं काय होत नाय.”

इथे माझं रसायनशास्त्र जागं झालं. गूळ म्हणजे साखरच! मी गूळ बंद केला. मग केळी. मग भात अर्ध्यावर आणला, कारण भाताचीही शेवटी साखरच होते. सेकंड क्लास उगाच नव्हता मिळाला.

“ही च्याय की धुण्याचां पाणी?” आई म्हणायची. “माका वायच साखर घाल रे.”

“आई, तुझ्या भल्यासाठीच सांगतो ना?”

“माझां भला तू कॉलेजात शिकलंस?”

मी हसायचो. ती अर्धा कप तसाच ठेवून द्यायची. गाल दुखत असल्यानं तिखट तर तिला आधीच जात नव्हतं. गोड, मऊ तेवढं जायचं, आणि ते मी बंद केलं होतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. चाळीत सगळे म्हणाले, बघा, गाठ सुकतेय.

महिन्यानं डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. वजन वाढायच्या जागी तीन किलो उतरलं होतं.

“काय खायला घालता हिला?”

मी सगळं सविस्तर सांगितलं. थोडं इंग्रजीतही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“शिक्षण काय तुमचं?”

“बी.एस्सी.”

“वाटलंच. अडाणी माणसानं आईला पोटभर जेवू घातलं असतं.” मग जरा शांतपणे म्हणाले, “अहो, साखर अंगातल्या प्रत्येक पेशीला लागते. तुम्ही बंद केलीत तरी शरीर डाळीची करील, स्वतःच्या मांसाची करील, आणि गाठ आपला वाटा घेईलच. उपाशी राहिली ती ही बाई. गोड खाऊन खाऊन अंग सुटतं, त्याचे रोग वेगळे. पण हिच्या अंगावर सुटायला आहे काय? आता तारीख पुढे गेली, कळलं?”

मग त्यांनी आईची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. “मावशी, मशेरी लावता?”

“ती काय, दात घासूक,” आई म्हणाली.

तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू म्हणजे मशेरी. आमच्याकडच्या बायका ती सकाळी लावायच्या, दुपारी भांडी झाल्यावर लावायच्या, आणि गप्पा रंगल्या की उगाच लावायच्या. गालात बोट फिरवत. त्याच गालात. साखरबंदीच्या महिन्यात आईनं ती जास्तच लावली, तोंडाला दुसरी चव नव्हती म्हणून. आणि वाण्याकडून तंबाखू आणून देणारा मी, पदवीधर. मशेरी लावण्याला तंबाखू खाणं असं आम्ही कधी म्हणालोच नव्हतो.

त्या दिवसापासून शिरा, खीर, दूध, अंडी, जे गिळवेल ते. मशेरी बंद. दीड महिन्यानं ऑपरेशन झालं. गालाचा तुकडा गेला, आई राहिली.

मामांना मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी चुकलो, साखरेचा काही दोष नव्हता. ते म्हणाले, “तू पयलां खरां बोललंस. आता डॉक्टर तुका फिरवता.”

घरी आणल्यावर चाळीतल्या बायका बघायला आल्या. आईच्या अर्ध्या तोंडाला पट्टी, नाकात नळी, बोलायला बंदी. मी मशेरीचं सांगायला लागलो.

“चल रे,” काकू हसल्या, तोंडावर हात धरून. “आमच्या सासवा ऐंशी वर्षं लावत होत्या. साखरच ती मेली. मी तर कालपासून सोडली.”

आईनं खाटेवरून हात लांब केला. काकूंची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं आणि गालाच्या आत बोट घालून कितीतरी वेळ चाचपलं. मग काकूंना सोडून तिनं पुढचीला बोटानं जवळ बोलावलं. माझं कुणी ऐकत नव्हतं. तिच्यासमोर मात्र बायका एकेक करून गुमान तोंड उघडत होत्या.