रजीनबायचा संप

"हे तुमचंच ना?"

हॉटेलमालक इनासनं माझ्या नाकासमोर कागद धरला होता. मी नुकताच उठलो होतो, खांद्यावर पंचा होता, केसांत वाळू होती. कागद माझाच होता. अक्षर माझं, मथळाही माझा: 'अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची गुलामी.'

"माझंच," मी म्हणालो. आपलं पत्रक आपलं नाही असं कधी म्हणायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम.

"मग या बाहेर. माझी बायको संपावर गेलीय."

"तुमची बायको?" मी म्हणालो. "तिचा इथं काय संबंध?"

इनासनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला एकदम पंचा नीट करावासा वाटला.

बाहेर व्हरांड्यात मुंबईची दहा-बारा माणसं रिकामे मग घेऊन उभी होती. कुठल्यातरी गिरणीच्या ऑफिसातले कारकून, बायकामुलांसह दोन दिवस हवा खायला आलेले. चूल थंड. आणि इनासच्या आरामखुर्चीत, ज्या खुर्चीतून त्याला उठलेलं मी पाहिलंच नव्हतं, त्या खुर्चीत हॉटेलची स्वयंपाकीणबाई बसली होती. अंगावर लाल लुगडं, अंबाड्यात फुलं, हातात माझ्या पत्रकाची दुसरी प्रत.

"ही?" मी विचारलं.

"हीच," इनास म्हणाला. "आगाशीच्या बाजारात कोनालाही विचारा."

आता हे कसं झालं ते सांगतो.

मी हॉटेल कामगारांच्या एका युनियनचा होलटायमर आहे. होलटायमर म्हणजे ज्याला दुसरी नोकरी नसते आणि हीसुद्धा कधी जाईल ते सांगता येत नाही, असा माणूस. माझं काम पत्रकं लिहिणं. ते आम्हाला नीट शिकवलेलं असतं. पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत रागाचं कारण, तिसऱ्या ओळीत मागणी. चौथी ओळ आली की वाचणारा त्या कागदात भजी बांधतो.

आमचे सेक्रेटरी दत्ताभाई. त्यांनी मला परळच्या ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "समुद्रकाठी स्वस्तातली बोर्डिंग-लॉजिंगं निघतायत. तिथं आपला एकही मेंबर नाही. जा, गिऱ्हाईक म्हणून राहा, डोळे उघडे ठेव आणि युनिट बांधून ये." युनिट म्हणजे एका जागी काम करणाऱ्या मेंबरांचा गट.

"नाही बांधलं तर?"

"तर खळीची बादली आहेच. भिंतीवर पोस्टर चिकटवायला माणूस लागतोच मला."

म्हणून मी विरारला उतरून अर्नाळ्याला गेलो. इनासचं हॉटेल किनाऱ्यालाच होतं. चार खोल्या, वर झावळ्या. पाटीवर लिहिलेलं: 'स्वच्छ हवा, समुद्राचा देखावा, घरगुती जेवण.' हवेबद्दल तक्रार नाही. देखावा खिडकीतून दिसत होता, पण मध्ये बोंबील वाळत घातलेले, त्यामुळे समुद्र आणि पलीकडचा किल्ला पट्ट्यापट्ट्यांनी दिसायचा. अंथरुणात इतकी वाळू होती की किनाऱ्यावर जायची गरजच नव्हती. चहा विहिरीच्या मचूळ पाण्याचा. एवढं सगळं मी हसत सोसलं असतं. पण मला ती बाई दिसली.

पहाटे तीच पाणी काढत होती. तीच झाडत होती. तीच मासे साफ करत होती, तीच वाटण वाटत होती, तीच वाढत होती आणि तीच भांडी घासत होती. इनास खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना किल्ल्याची गोष्ट सांगत होता. त्या गोष्टीत रोज नवे सैनिक यायचे, पण एकानंही उठून पाण्याची घागर उचलली नाही.

माझं डोकं फिरलं. शनिवारी दुपारी मी तिला विहिरीपाशी गाठलं. चौकशीची आमची पद्धत ठरलेली आहे: पगार, तास, रजा, राहण्याची सोय.

"पगार किती मिळतो, बाई?"

"कसला पगार?" ती म्हणाली.

मी मनात पहिली ओळ लिहिली.

"कामाचे तास?"

"कसलं तास? डोला उघडला की काम."

"रजा?"

ती हसलीच. "राहता कुठे?" मी विचारलं.

"हितंच. मागच्या खोलीत."

इतका उघडानागडा जुलूम मी मुंबईतही पाहिला नव्हता. बिनपगारी, बिनरजेची, कामाच्याच जागी कोंडलेली बाई. तिचं कपाळ मोकळं होतं, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, काळ्या दोऱ्यात एक क्रूस होता तेवढा. मी लालबागच्या चाळीत वाढलेला. मोकळं कपाळ आणि मोकळा गळा बघून मी ठरवून टाकलं, की विधवा बाई आहे, कोणी नाही म्हणून इथं राबते. इकडच्या ख्रिस्ती घरांत लग्न झालेल्या बाईचं कपाळ मोकळं असतं, हे कुठल्याही अभ्यासवर्गात कोणी मला सांगितलं नव्हतं.

सुरूच्या झाडाखाली बसून मी पत्रक लिहिलं. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. राग, कारण, मागणी: आठवड्याला एक दिवस हक्काची सुटी. ती मिळेपर्यंत चुलीला हात लावायचा नाही.

एक प्रत तिला दिली. शाळेत चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"मास्तर, हे सगल्यांना लागू हाय?"

"राबणाऱ्या सगळ्यांना."

"मना पन?"

"तुम्हालाच."

ती घागरीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "उद्या वसईकडं, पापडीला, भाचीचं लगीन हाय. आई नाय तिला, मीच वाढवलीय. आमच्या घरात लग्नाला तळायच्या फुग्यांचं पीठ मावशीनं भिजवायचं. पन मुंबईची मान्सं येनार म्हनून त्यो म्हनतो, जाऊ नको. मान्सं परत येतील, पोरीचं लगीन परत येल का?"

'त्यो' म्हणजे मालक, हे मला कळलं. त्याच्या पुढचं कळलं नाही. मी दुसरी प्रत व्हरांड्याच्या खांबाला चिकटवली आणि एका अन्यायाचा निकाल लावल्याच्या समाधानात वाळूवर झोपलो.

तर आता रविवारची सकाळ. वसईची एसटी नाक्यावरून थोड्या वेळात सुटणार होती. ती चुकली तर रजीनबायचं, म्हणजे त्या बाईचं, लग्न चुकणार होतं.

"हे बघा," इनास मला म्हणाला, "तुम्ही गिऱ्हाईक म्हणून आलात. जेवलात. दोनदा भात मागितलात. आनि माझ्या घरात आग लावलीत."

"आग नाही, मागणी," मी म्हणालो. चौकशीत एक प्रश्न विचारायचा राहिला होता, हे खरं. पण ती मालकाची बायको निघाली म्हणून पहाटेची घागर हलकी होत नव्हती. पत्रकातला एकही शब्द खोटा ठरला नव्हता. मी पंचा खांद्यावर टाकला आणि वाटाघाट सुरू केली.

"बाईंची मागणी एक दिवसाची सुटी. मान्य?"

"मान्य. पन आज सोडून."

"आजच," रजीनबाय खुर्चीतूनच म्हणाली.

"मग चहा तरी टाकून जा," इनास म्हणाला.

"संपात चहा टाकत नायत." तिनं पत्रकावर बोट ठेवलं. "हितं लिवलंय."

इनास माझ्याकडे वळला. "पत्रक तुमचं, तर चूल पन तुमची. तुम्ही रांधा."

"मी?" मी म्हणालो. "संप चालू असताना जो आत जाऊन काम करतो, त्याला आमच्यात संपफोड्या म्हणतात. उपाशी मरेन, पण ते करणार नाही."

"मी परवानगी देते," रजीनबाय म्हणाली.

संपकऱ्यानंच संप फोडायची परवानगी दिली तर काय करायचं, हे आमच्या घटनेत नाही. मी जोरात नाही म्हणालो. शिवाय मला स्वयंपाक येत नाही.

इनास पायरीवर बसला. एकदम लहान दिसायला लागला. "मोसमातली पहिली मोठी पार्टी," तो हळूच म्हणाला. "ही उपाशी गेली तर गिरणीभर बोभाटा होईल. मग कोन येतो इकडं? तुझ्या बापाचे बोंबील बघायला?"

"माझ्या बापाला आनू नको मधी," रजीनबाय म्हणाली.

कारकुनांचे पुढारी सावंत पुढे आले. जाडे, गंभीर, मालवणकडचे. त्यांनी रिकामा मग कठड्यावर ठेवला आणि विचारलं, "लग्नात जेवण असतंच ना?"

"असतं की," रजीनबाय म्हणाली. "फुगे, कोंबडी, सगलं."

"पाहुणे किती चालतात?"

ती खुर्चीतून उठली. "आमच्या मांडवात आलेला मानूस कोनी मोजत नाय. घरी उतरलेला पाव्हना तर घरचाच."

सावंतांनी आपल्या मंडळींकडे पाहिलं. मंडळी चपला शोधू लागली होती.

"अहो, पण समुद्र?" इनास म्हणाला. "तुम्ही समुद्रासाठी आलात."

"काल बघितला," सावंत म्हणाले. "बरा आहे."

मग जी पळापळ झाली! पोरांना आंघोळ नाही, बायकांच्या वेण्या अर्ध्या, सावंतांनी टोपी उलटी घातलेली. पुढे लाल लुगड्यातली रजीनबाय, मागे सगळं हॉटेल, सगळ्यांत मागे कुलूप ओढून बघत इनास, आणि मध्ये मी, दोन हात वर करून एसटी थांबवत. गेट मीटिंगला, म्हणजे गिरणीच्या दारात पाळी सुटताना करतात त्या सभेला, मला कधी इतकी माणसं जमवता आली नव्हती. कंडक्टरनं विचारलं, "मोर्चा कुठं चाललाय?"

"पापडीला," रजीनबाय म्हणाली. "लग्नाला."

पीठ वेळेवर भिजलं. चर्चमधला विधी झाला, बाजा वाजला, फुगे कढईत टम्म फुगले. सावंत दर फेरीला पान पुढे करत होते. दुपारी इनास बाजाच्या तालावर नाचला आणि त्याला नाचताना बघून रजीनबाय पिठाच्या हातांनी तोंड झाकून हसत सुटली. भाची निघताना सगळ्यांत आधी मावशीच्या गळ्यात पडली. मी कढईपाशी उभा होतो. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

सोमवारी ऑफिसात रिपोर्ट दिला.

"संप झाला?" दत्ताभाईंनी विचारलं.

"शंभर टक्के. मागणी मंजूर. गिऱ्हाइकांचाही पाठिंबा."

"शाब्बास. मेंबरचं नाव लिही." मी पूर्ण नाव लिहिलं. मधलं नाव इनास बघून ते म्हणाले, "मालकाची कोण ती?"

"बायको."

दत्ताभाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी दुकानं-हॉटेलांसाठीचा कायदा उघडला, ज्याला आम्ही शॉप ॲक्ट म्हणतो. त्यात नोकर कोणाला म्हणायचं ते दिलेलं आहे, आणि मालकाच्या घरचं माणूस त्यात बसत नाही. "कायद्यानं ती कामगारच नाही," ते म्हणाले. "म्हणजे संप झालाच नाही. म्हणजे युनिटही नाही."

"मग ते पाणी कोण काढत होतं?" मी विचारलं.

त्याचं उत्तर ॲक्टमध्ये नव्हतं. दत्ताभाईंनी ॲक्ट मिटला. खळीची बादली मात्र होती, आणि तीन महिने ती माझ्या हातात होती.

पुढे एकदा सावंत भेटले. त्यांची मंडळी पुन्हा अर्नाळ्याला जाऊन आली होती. म्हणाले, पाटीवर खाली एक ओळ वाढली आहे: 'रविवारी जेवण मालकाच्या हातचं.' कालवण कसं होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "हवा स्वच्छ होती."

माझी चौकशीची पद्धत मी तेव्हापासून बदलली आहे. पगार, तास, रजा यांच्या आधी मी एक प्रश्न विचारतो: तुम्ही मालकाच्या कोण? उत्तर 'बायको' असं आलं, तर जास्त प्रती काढतो.