बोझेनाने पुसलेला डाग

आमच्या काउंटीची कचेरी तांबड्या दगडाची, १८९१ सालची. दोन हात जाड भिंती, अर्धगोल कमानी आणि वर घड्याळाचा मनोरा; नेब्रास्काच्या सपाट माळावर दहा मैलांवरून दिसणारा. त्याचे दगड बोझेना ह्रूबाच्या बापानं खाणीतून घोडागाडीनं ओढून आणले होते. ती स्वतः तिथं एकोणीस वर्षं झाडलोट करत होती. मी तळमजल्यावर जमिनीचे दस्त नोंदवायचो. ती पोछा घेऊन आली, की मुकाट पाय वर घ्यायचो.

१९६१च्या वसंतात काउंटीच्या तिघा पंचांनी मनोरा उतरवायचं काढलं. न्यायाधीशाच्या खुर्चीमागच्या भिंतीला तडा होता. तो वाढतोय, उद्या मनोरा डोक्यात पडेल, असं त्यांचं म्हणणं. तडा जुनाच आहे, वाढत नाही, म्हणत गावानं सुनावणी मागितली.

"वाढत नाही म्हणता, पुरावा काय?" थोरले पंच एक्स्ट्रॉम म्हणाले.

मागच्या बाकावरून बोझेना उठली. "पुरावा होता, साहेब. माझ्याआधीचा म्हातारा ओटिस दरसाल तड्याच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ ओढायचा, शेजारी साल लिहायचा. अठरा वर्षं."

"मग दाखवा की!"

"घासून टाकलं मी. कामावर आले त्याच आठवड्यात. सोडा लावून."

हशा पिकला. लोहार स्टेनली ओरडला, "अगं बये, बायबल देऊ नका कुणी हिच्या हातात, अक्षरं धुऊन आणील!"

तिचे कान लाल झाले, पण ती बसली नाही. "हस लेका. ओटिसनं मला त्याबद्दल लाख शिव्या घातल्या, तेव्हा कळलं ते काय होतं ते. अरे, अठरा रेघा, अठरा सालं, सगळी एकावर एक चढलेली! नुसता काळा डाग. तडा सरकला असता तर रेघा पांगल्या असत्या. मग मी कशाला घासलं असतं?"



"शपथेवर सांगाल?" एक्स्ट्रॉमनी विचारलं.

तिनं बायबलवर हात ठेवून सगळं पुन्हा सांगितलं. मी लिहून घेतलं. पंचांनी तड्यावर काचेची पट्टी चिकटवून वर्षभर थांबायचं ठरवलं. काच तडकली तर मनोरा उतरवायचा.

पुढच्या वसंतात काच अखंड होती. मनोरा राहिला, दोन विरुद्ध एक मतानं. विरोधातलं मत एक्स्ट्रॉमचं. त्या काचेवरची धूळ बोझेना आजही फडक्यानं पुसत नाही, फुंकून काढते.