अख्ख्या पुस्तकात नसलेला भाऊ

मी गाव सोडलं त्या दिवशी यष्टीच्या टपावर पानांच्या सात करंड्या होत्या आणि खाली खिडकीशी मी होतो. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, गजातून हात घालून माझा खांदा दाबला. "काल वाचला तो शेवट ध्यानात ठेवजो, शाम्या," म्हणाला. बस, इतकंच. आई त्याच्या मागे उभी होती. ती म्हणाली, "याच्या पायाले भिंगरी हाये. याच्या काय ध्यानात राहते!" यष्टी रामटेकच्या रस्त्याला लागली, पण मी मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा मला त्यात मोठेपणा वाटला होता.

हे मी आपल्या गावच्या ग्रुपसाठी लिहितो आहे. गावात राहिलेले त्यात आहेत, आणि माझ्यासारखे नागपूर, भिलाई, पुण्याकडे गेलेलेही आहेत. मोबाइलवर माझं बोट नीट बसत नाही, म्हणून वहीत लिहितो. फोटो काढून कोणीतरी टाकेल. मी चौथी शिकलो आहे, चुका काढत बसू नका.

ग्रुपवर माझी जी हसाई झाली ती सगळ्यांनी पाहिली. आता पुढचं पण वाचा.

नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आम्ही दोघं भाऊ पानमळ्यात कामाला होतो. सकाळी पानं खुडायची, दुपारी सावलीत ओल्या पोत्यावर बसून निवडायची. मोठी वेगळी, बारीक वेगळी, डागी वेगळी, मग थप्पी लावायची. काम हातांचं, कान मोकळे. दादा सातवी शिकलेला, त्यानं रामटेकच्या जत्रेतून रद्दीवाल्याकडून एक जाडजूड कादंबरी आणली होती. पुठ्ठा नव्हता, शिवण सुटलेली. तलवारी, घोडे, किल्ले, वेषांतरं, भुयारं, सगळं तिच्यात. रोज दुपारी दादा वाचायचा, आणि त्याच्या वाट्याची पानं आम्ही बाकीचे निवडायचो. वाचणाऱ्यानं पानाला हात लावायचा नाही, हा आमचा कायदा होता. दादा थांबला की ओळीतून कोणीतरी ओरडायचं, "पुढं सांग ना बाप्पा, पोट्टा कड्यावर लटकून राहिला तिकडं!"

एका पावसाळ्यात वेलींना रोग लागला. अर्धा मळा सडला. राहिलेल्या अर्ध्यात आम्हा दोघांना पुरेल इतकं काम नव्हतं. दादाचं लग्न झालेलं होतं, माझं नव्हतं. म्हणून मी निघालो. निघण्याच्या आदल्या दुपारी दादानं शेवट वाचला.

तो शेवट मला तोंडपाठ आहे. नायक किल्ला जिंकतो. राजा त्याला जहागीर देतो, तो घेत नाही. घोड्यावरून आपल्या गावी येतो. नदीवरचा नावाडी त्याला ओळखत नाही. तो दारात उभा राहतो तेव्हा थोरला भाऊ दार उघडतो आणि म्हणतो, "पाय धू, जेवण वाढलं आहे." नायक तलवार खुंटीला टांगतो. संपलं. त्या दिवशी दादानं पुस्तक छातीशी धरलं होतं, कोणाला दिसू देत नव्हता. बाया डोळे पुसत होत्या. मी थप्पी चुकवली, मोठ्यात डागी पानं घातली.

नागपुरात आलो तो वाडीत, शहराबाहेरच्या ट्रकवाल्यांच्या वस्तीत, थांबलो. ट्रकवर ताडपत्री बांधायचं काम. दोर असा आवळायचो की इंदूरपर्यंत गाठ हलायची नाही, अजूनही ड्रायव्हर लोक नाव काढतात. पण माझी गाठ कुठं बसली नाही. पाच खोल्या बदलल्या, मग मुलानं वाडीतच फ्लॅट घेतला. तिथंही मी गॅलरीत जातो, आत येतो, परत गॅलरीत. सुनबाई म्हणते, "बाबा, बसा न जरा, तुमच्यानं फरशी झिजून राहिली." गावी गेलो ते लग्नाला, मयतीला. आणि संध्याकाळच्या यष्टीनं परत. एक रात्र कधी राहिलो नाही. दादा दर वेळी म्हणायचा, "थांबत जाय गा एखाद दिवस." मी म्हणायचो, काम आहे. काम सुटून बारा वर्षं झाली तरी तेच म्हणत होतो.

आणि अशात टीव्हीवर ती मालिका लागली. आमचीच कादंबरी! पहिल्या भागात नायकानं भुयाराचं झाकण उचललं आणि मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. मग रोज संध्याकाळी ग्रुपवर तमाशा सुरू झाला. कोणी लिही, घोडे भाड्याचे दिसतात, पाय ओढतात. कोणी लिही, एवढी लढाई झाली तरी याच्या केसांचा भांग मोडत नाही. पुण्याची एक पुतणी लिही, नायिका माझ्यापेक्षा चांगली तलवार चालवते, मी तर भाजी पण नीट कापत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरची कमलाबाई तर दुष्ट सरदार दिसला की टीव्हीकडे पाठ करून बसायची, म्हणायची, "मले सांगजा गेला का तो मुडदा."

मी या सगळ्यांचा गुरू झालो होतो. पुढं काय होणार ते आधीच सांगायचो, आणि तेच व्हायचं. शिकलेले लोक जन्मात पहिल्यांदा मला विचारत होते. छाती फुगली. शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी मी आवाजी मेसेज टाकला, "लिहून ठेवा. नायक घरी येते, भाऊ दार उघडते, तलवार खुंटीले लागते. असं नाही झालं त माहं नाव बदला."

तसं झालं नाही. नायकानं जहागीर नाकारली इथवर बरोबर. मग त्यानं घोडा वळवला आणि निघून गेला. कुठं ते सांगितलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

मी परत आवाजी मेसेज टाकला, मालिकावाल्यांनी बिघडवलं. तेव्हा भिलाईहून विठोबाचा मेसेज आला. विठोबा म्हणजे पानांच्या ओळीत माझ्या शेजारी बसणारा. "शामराव, नाव काय ठेवू मंग तुमचं? अन् एक सांगा. अख्ख्या पुस्तकात त्याले भाऊ नव्हता, शेवटी कुठून आला? तुमचा दादा ठोकत होता, अन् आपण फुकट त्याचे पानं निवडून राहिलो." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

माझं हसं झालं ते मी सोसलं असतं. दादाला खोटा म्हटलं ते सोसवेना. माझा दादा एक डागी पान चांगल्यात सरकवू द्यायचा नाही. तो खोटं वाचेल? मी विठोबाला नको ते बोललो. मग माझ्या नातीनं, पिंकीनं, वाचनालयातून तीच कादंबरी आणली. शेवटचं पान तिनं माझ्यासमोर धरलं. घोडा, धूळ, निघून जाणं. भाऊ नाही.

"ही नवी छपाई असन," मी म्हणालो.

"आबा, जुनीच आहे. पानं पिवळी पडली आहेत, बघा न."

"मंग दादाजवळची त्याच्याहून जुनी."

चार दिवस जेवण गेलं नाही. गॅलरी, खोली, जिना, परत गॅलरी. दादाला फोनवर ऐकू येत नाही. पाचव्या दिवशी सकाळी पुस्तक पिशवीत घातलं आणि यष्टीत बसलो.

दादा ओसरीवर खाटेवर बसला होता. डोळ्यांना आता अंधुकच दिसतं. मी जवळ जाऊन कानाशी ओरडलो, "दादा, शेवट कोणता वाचला होता तू? पुस्तकात त भाऊ नाही!"

तो आधी बराच वेळ हसला. मग म्हणाला, "शेवटचे पानं होतेच कुठं आपल्यापाशी? तूच त नेऊन करंडीच्या बुडाशी टाकले."

मला आठवेना. मग आठवलं. करंडीच्या तळाशी केळीच्या पानाखाली कागद घालायचो आम्ही. एका दुपारी घाईत मी सुटे पडलेले कागद उचलले आणि घातले. वाचून पाहायची मला सवयच नव्हती. शेवट माझ्याही आधी नागपूरला गेला होता.

"तवाच काहून नाही बोलला?"

"ओळीनं तुले सोलून काढला असता. अन् तू दुसऱ्या दिवशी जाणार होता. तशा तोंडानं जाऊ देऊ का तुले?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मंग म्या लावला आपल्या मनानं. येईन म्हटलं पोट्टा, ऐकून."

मी ओसरीवरून खाली उतरलो. अंगणात दोन चकरा मारल्या. मला जागेवर उभं राहवेना. म्हणजे त्या दुपारी दादाच्या हातात कोरी जागा होती. चाळीसच्या वर वर्षं मी ज्याच्यावर शपथा घेतल्या ते त्यानं माझ्यासाठी जागच्या जागी रचलं होतं, आणि मी शब्द सगळे ध्यानात ठेवले, घरी ये हे तेवढं सोडून.

दादा म्हणाला, "आणलं हाये त वाच आता. खरं काय हाये, आयकू दे."

मी खाटेवर बसलो. वहिनीनं पानाचा डबा पुढं ठेवला. चौथीचं वाचन माझं, बोट ठेवून, अडखळत. किल्ला वाचला, राजा वाचला, जहागीर वाचली. शेवटच्या पानावर आलो. घोडा वळतो, तिथं माझं बोट थांबलं. मी पुस्तक छातीशी धरलं आणि वाचत राहिलो. नदी आली. नावाड्यानं ओळखलं नाही. थोरल्या भावानं दार उघडलं. पाय धू म्हणाला. तलवार खुंटीला लागली. कुठंही अडखळलो नाही.

दादा डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "वाचाले शिकला गा तू."

तर विठोबा, तुझं खरं. दादानं ठोकलं होतं, मी लिहून देतो. तुला बोललो ते मागे घेतो. पण त्याचे पानं आपण फुकट निवडले नाहीत.

संध्याकाळची यष्टी फाट्यावर आली, दोनदा हॉर्न वाजवला तिनं. वहिनी पिशवी आणायला उठली. मी म्हटलं, राहू द्या. वाडीचा फ्लॅट माझ्या मुलाचाच आहे, नात तिथं आहे, मी जाणार आहे, म्हाताऱ्यानं वाडी सोडली असं कोणी पसरवू नका. पण आज चौथा दिवस आहे आणि मी दादाच्या ओसरीवर बसून हे लिहितो. पाय वळवळतात अजून. दर संध्याकाळी हॉर्न वाजला की अर्धा उठतो. दादाला ऐकू येत नाही, पण खाट हललेली कळते. तो म्हणतो, "पाय धू, जेवण वाढलं हाये." मग मी परत बसतो.