न्हाणीमागचं पोहपोहन

“अबाह, पोहपोहन इथं उगवेल, आणि तुम्ही इथंच बसून ते खाल,” ओनिह एकदा आपल्या बापाला म्हणाली होती.

म्हणाली तेव्हा तिच्या हातात रंगाचा जुना डबा होता आणि डब्यात मेलेलं रोप. म्हाताऱ्यानं रोपाकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि तोंड पुन्हा भिंतीकडं फिरवलं.

ओनिह मूळची चिकाजांगची. तिथं ढग अंगणातून चालत जातात आणि वाळत घातलेले कपडे चार दिवस ओले राहतात. दायतशी लग्न करून ती खाली कारावांगला आली. कारावांग म्हणजे सपाटी. नजर जाईल तिथवर भाताची खाचरं, खाचरांपलीकडं कारखाने, आणि या दोघांवर ऊन. डोंगरावर ऊन येऊन जातं. इथं ते मुक्कामाला असतं. पहिल्या वर्षी ओनिहला वाटायचं, आपण कुणाच्या तरी तापलेल्या कपाळावर राहतोय.

पण पानात कच्चा पाला नसेल तर जेवण झालं असं या मुलखात कुणी म्हणत नाही. म्हणून तिनं दाराशी डबे मांडले. केनिकिरची पालेभाजी लावली, लेउन्चाचं झुडूप हिरव्या फळांसाठी वाढवलं, ब्राह्मी पसरवली, काजूचं एक रोप केवळ कोवळ्या पालवीसाठी खुरटं ठेवलं. दायतची थोरली बहीण एनार, ओनिहची तेतेह म्हणजे ताई, शेजारीच राहायची. ती रोज येता-जाता म्हणायची, “आमच्या दायतनं बायको आणली की शेळी?” आणि म्हणता म्हणता केनिकिरचं एक पान खुडून तोंडात टाकायची.

पोहपोहन मात्र कारावांगात कुणी लावत नव्हतं. मऊ, लवदार पान, कैरीच्या जवळचा वास. डोंगरात ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढतं. बाजारात ट्रकनं यायचं, दुपारपर्यंत काळं पडायचं. लोक तेच घ्यायचे. ओनिह घेत नसे.

मग आई गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात अबाह विर्या चिकाजांगच्या घराच्या पायरीवरून पडले. दूध गोळा करणारा माणूस तिकडून गेला म्हणून सापडले. तोवर सकाळभर चिखलात पडून होते. ओनिह त्यांना कारावांगला घेऊन आली. हाड जुळलं, म्हातारा जुळला नाही. भात मिठाशी खायचा, भिंतीकडं तोंड करून बसायचा.

“बाजारातलं पान मेलेलं,” ते एकदा म्हणाले. “जिवंत इथं येत नाही. मग मी इथं काय करू?”

“तिथं एकटे काय कराल? पुन्हा पडाल.”

“पडेन. माझ्याच पायरीवरून पडेन.”

शेवटी बापलेकीत ठरलं. रोजे सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मुंगाहानच्या जेवणाला, अबाहचा पुतण्या उन्दांग कोबीची गाडी घेऊन खाली यायचा होता. तोवर इथल्या मातीतलं पोहपोहन ताटात आलं तर अबाह राहणार. नाही आलं तर उन्दांगबरोबर वर जाणार. अबाहनी पटकन मान डोलावली. इतक्या पटकन, की त्यांना आपण जिंकणार याची खात्रीच आहे, हे ओनिहला कळलं. वरच्या घरात आता फक्त ती पायरी त्यांची वाट पाहत होती.

उन्दांगनं ओल्या शेवाळात गुंडाळून फांद्या पाठवल्या. पहिल्या दाराशी लावल्या, त्या करपल्या. दुसऱ्या छपराखाली लावल्या, त्या कुजल्या. मग एका दुपारी कपडे धुताना ओनिहच्या लक्षात आलं की न्हाणीची भिंत आणि एनारच्या घराची भिंत यांच्यामधल्या बोळात ऊन कधीच उतरत नाही. न्हाणीतल्या हौदाचं पाणी तिथं सारखं पाझरायचं. माती गार, जवळपास दुःखी म्हणावी इतकी गार. तिसऱ्या फांद्या तिनं तिथं रोवल्या.

त्या जगल्या. पण कशा? एकेक काडी, उंच, वाकडी, शेंड्याला चार पानं. ओनिह त्यांना बोटही लावत नसे. कोंबड्यांना जाळी घातली. साबणाचं पाणी तिकडं गेलं म्हणून दायतशी भांडली. जेवणाच्या दिवशी निदान अबाहच्या वाट्याची पानं तरी निघतील, एवढा हिशेब.

त्या महिन्याची भिशी ओनिहच्या घरी होती. ती आत टोफू तळत होती, बायका ओसरीवर. एनार पाय धुवायला मागं गेली आणि बराच वेळ आली नाही. मग दुसरी गेली. मग ठेच्याची वाटी गेली. ओनिह टोफूचं ताट घेऊन मागं आली तेव्हा बोळात सगळ्या दाटीवाटीनं उभ्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं हलत होती.

“तेतेह एनार, हे काय केलंत?”

“काय केलं? खाल्लं,” एनार चावता चावता म्हणाली. “वास बघ की कसा सुटलाय. एवढं चांगलं आणि लपवून ठेवतेस होय गं?”

“शेंडे तेवढे खुडले,” शेजारची मिमिन उपकार केल्यासारखी म्हणाली. “बाकीचं सोडलंय.”

“बाकीचं म्हणजे काड्या.”

“मग लावलंस कशाला? बघायला?”

ओनिहनं टोफूचं ताट खाली ठेवलं. हात पोचेल तिथं पान असलं की हात जातो. तिचाही गेला असता. ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली. मिमिननं हातातलं पान वाटीच्या काठावर ठेवलं. त्या म्हाताऱ्याचा करार साऱ्या गल्लीला माहीत होता, फक्त ठेचा समोर असताना आठवला नव्हता.

अबाह काठी टेकत आले. त्यांनी बोडक्या काड्या पाहिल्या आणि त्यांच्या घशातून कसलासा आवाज आला. आई गेल्यापासून ते हसले नव्हते, म्हणून ओनिहला तो ओळखायला वेळ लागला.

“तुम्हाला आनंद झालाय,” ती म्हणाली. “उन्दांगला आजच बोलावते.”

“ठरल्या दिवशी येऊ दे,” अबाह म्हणाले आणि आत गेले.

तिनं पाणी घालणं सोडलं नाही. आशा होती म्हणून नव्हे, हाताला सवय होती म्हणून. आणि एका सकाळी तिला दिसलं की जिथं जिथं शेंडा तुटला होता, त्याच्या खालच्या पेरातून हिरवे ठिपके फुटलेत. दोन्ही बाजूंनी. ठिपक्यांच्या फांद्या झाल्या. काड्या जाड झाल्या, पसरल्या.

ती उकिडवी बसून एकेक पेर बघत गेली. डोंगरावर तिनं पोहपोहनचं एकही अखंड रोप कधी पाहिलं नव्हतं. येणारा खुडायचा, जाणारा खुडायचा, आई चूल पेटवायच्या आधी खुडायची. ती इथं रोपांना हातांपासून वाचवत बसली होती, आणि रोपांना हातच हवे होते.

तिनं भिंतीवरून हाक मारली. “तेतेह, येता का? खुडायला.”

“टोमणा मारतेस?”

“नाही हो. खरंच या. मिमिनलाही आणा. ठेचा मी वाटते.”

पुढं त्या रोज आल्या. जेवढं खुडलं त्याच्या दुप्पट आलं. तुटक्या फांद्या एनारनं चिखलात खोचल्या, त्याही धरल्या. बोळातून अंग चोरूनही चालता येईना. अबाह खिडकीशी बसू लागले. खिडकी बोळाकडंच उघडत होती.

मुंगाहानच्या दिवशी ओसरीवर केळीची पानं अंथरली. भात, तळलेला खारा मासा, टोफू, ठेचा, आणि मधोमध टोपली, काठापर्यंत हिरवी. उन्दांग आला. त्यानं गाडी चालूच ठेवली होती. अबाहची पिशवी बांधून दाराशी ठेवलेली होती. ती त्यांनी पहाटेच बांधली होती, आणि ओनिहनं ती पाहिली होती.

अबाहनी एक पान उचललं. हुंगलं. दुमडून ठेच्यात बुडवलं आणि तोंडात घातलं. कुणाचाच घास हलत नव्हता.

“कडू आहे,” ते म्हणाले.

ओनिहनं खाली पाहिलं.

“वरच्यापेक्षा जरा कडू. इथल्या गरमीचं असणार,” अबाह म्हणाले आणि यावेळी मूठभर घेतलं. “पण जिवंत आहे.”

“अबाह, निघायचं ना?” उन्दांगनं विचारलं. “अंधार पडायच्या आत घाट गाठला पाहिजे.”

“इंजिन बंद कर आणि जेवायला बस,” अबाह तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. “पुढच्या खेपेला माझी उशी आण.”

“फक्त उशी?”

“उशी. कोंबड्या तू ठेव. त्या पायरीवर कुणाला बसू देऊ नकोस, निसरडी आहे.”

दायत मोठ्यानं हसला. मिमिननं डोळे पुसले आणि ठेचा तिखट झालाय म्हणाली. उन्दांग उठून गेला, गाडीची घरघर थांबली, तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की किती वेळ ती चालू होती.

“अगं ओनिह,” एनारनं टोपली उलटी करून दाखवली. “तुझ्या बापानं काही ठेवलं नाही. आम्ही काय उपाशी उठायचं?”

ओनिहनं तिच्या हातातून टोपली घेतली, मनगटानंच तोंड पुसलं, आणि आणखी खुडायला मागच्या दारानं बोळाकडं निघाली.